रंग ओला आहे

४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र कारखान्याच्या पत्त्यावर पोचलं. दरवानाने ते देताना पुन्हा विचारलं, की तुला घरदार असताना पत्रं इथे का येतात. मी म्हटलं, घरच्या पेटीला कुलूप नाही. पेटीला कुलूप खरंच नाही, म्हणून हे खोटं धरू नये. बाबांनी सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, की या घरातल्या कुणीही तुझ्याशी बोलायचं नाही. लिहायचं नाही असं ते म्हणाले नव्हते. दर वेळी पाकीट चिकटवताना मी ते वाक्य पुन्हा आठवून बघतो, की त्यातला एखादा शब्द आपण विसरलो तर नाही ना.

माझं काम तेच आहे. कचेऱ्यांच्या खुर्च्या, टेबलं, कपाटं दुरुस्तीला येतात. मी पत्र्याच्या साच्यातून त्यांच्यावर क्रमांक घालतो आणि बाजूला ‘रंग ओला आहे’ ही पाटी टांगतो. गेल्या महिन्यात एक साहेब पाटी वाचूनही टेकून बसले आणि ६४ क्रमांक पाठीवर घेऊन बैठकीला गेले. त्याबद्दल मला बोलणी बसली नाहीत, कारण पाटी लावलेली होती.

आता घरची हकीकत. दादाचं लग्न ठरत आलं आहे. मुलगी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. मोठमोठ्या कुत्र्यांना इंजेक्शनं देते, त्यामुळे दादाचा आवाज चढला तरी तिला काही वाटत नाही. ती आणि तिचे आईवडील जानेवारीत घर बघायला येणार आहेत. आपल्या सहा खुर्च्या तुला आठवतात ना? बाबांना कचेरीतून मिळालेल्या, टेकायच्या फळीवर २१२ ते २१७ क्रमांक असलेल्या. आई म्हणाली, पाहुण्यांसमोर हे बरं दिसत नाही, तुझ्या हातात कला आहे तर काहीतरी छान काढ.

मी क्रमांक खरवडले, लाकूड पॉलिश पेपरने घासलं आणि प्रत्येक खुर्चीवर नाव घालायचं ठरवलं. अक्षर आधी कागदावर काढायचं, रेषेवर सुईने भोकं पाडायची, कागद फळीवर धरून त्यावर खडूच्या पुडीची पुरचुंडी हलके आपटायची. कागद उचलला की ठिपक्यांचं अक्षर लाकडावर उतरलेलं असतं. मग रंग. अडीच इंच उंची, आत तांबडा, कडेला सोनेरी आणि उजवीकडे काळी सावली. बाबा झाले, आई झाली, दादा झाला. एकावर ‘पाहुणे’ लिहिलं. २१७ माझी, ती तशीच ठेवली आहे. ‘मी’ लिहावं असं मनात आलं होतं, पण मग त्यावर जो बसेल तो मी होईल.

राहिली सहावी. मुलीकडच्यांना बाबांनी सांगितलं आहे, की आम्हाला दोन मुलगे. तेवढंच.

काल बाबा केस कापायला गेले होते. मला पाऊण तास मिळाला. मी सहाव्या खुर्चीवर ‘ताई’ लिहिलं. आई-बाबाही तुला ताईच म्हणायचे, त्यामुळे दुसरं काही लिहिण्याचा प्रश्न नव्हता. आता मी बाबांच्या लक्षात येण्याची वाट बघतो आहे. जेवण उतरत नाही.

तुझा
काटकोन


१५ नोव्हेंबर

चि. काटकोन यास अनेक आशीर्वाद.

पुसून टाक.

तू हे वाचून टेबलावर पट्टी घेऊन बसशील आणि ताईने असं का लिहिलं त्याची मापं काढशील (काटकोन हे नाव मी तुला उगाच नाही ठेवलं), म्हणून कारणही देते. ज्या घरात मला बसायचं नाही, तिथे माझी खुर्ची कशाला? आणि तुझ्या रंगकामापायी दादाचं लग्न फिसकटलं तर आपल्या घरातली मोडलेली लग्नं दोन होतील. तो मान एकटीकडेच राहू दे. मी तो लग्नाच्या आठ दिवस आधी ‘नको’ म्हणून मिळवला आहे. बाबांना दारोदार जाऊन सांगावं लागलं, हे मला ठाऊक आहे. ते दारोदार गेले, मी मात्र एकाच दारातून बाहेर गेले.

इथे धुलाईघरात मला आता डागांच्या टेबलावर बसवलं आहे. हॉटेलांच्या चादरी मशीनमध्ये जातात. माझ्याकडे येतात ते एकेकटे कपडे. शाई, तेल, गंज, रक्त, रंग. प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं, की डाग कसा पडला कोण जाणे. सगळ्यांना माहीत असतं. मी कापड हातात घेतलं, की मलाही कळतं. मी पावती फाडते.

नीट जेवत जा. दोन अक्षरांपायी उपाशी राहणारा तू पहिलाच असशील.

ताई


२८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून वाटलं, की अक्षर वाईट आलं असेल अशी तुला शंका आहे. तसं नाही. मी सगळ्या कडांनी मोजलं, ‘ई’च्या डोक्यावरचा वळसासुद्धा एका जाडीचा आहे. आतापर्यंत काढलेलं हे माझं सर्वांत चांगलं अक्षर आहे. म्हणून पुसण्याचं कारण राहत नाही.

बाबांनी पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ती खुर्ची उचलून तोंड भिंतीकडे करून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा सुलटी होती. आई म्हणाली, झाडताना हलली असेल. तेव्हापासून ताई, ती खुर्ची रोज सकाळी झाडताना हलते आणि रोज संध्याकाळी भिंतीकडे फिरते. आज अकरावा दिवस. याविषयी घरात कुणी एक अवाक्षर काढत नाही. परवा आईला बरं नव्हतं, झाडलोट झाली नाही. तरी खुर्ची हलली होती.

दादा मात्र बोलला. “अरे, दीड अक्षराचा शब्द तो, पुसायला तुझं काय जातं?”

मी म्हटलं, दीड नाही, दोन.

तो म्हणाला, तुझ्याशी बोलण्यापेक्षा त्या खुर्चीशी बोललेलं बरं.

मी पुसणार नाही. ही ओळ बघ, सरळ आहे. बाबा कचेरीत छत्तीस वर्षं कोण किती वाजता आलं आणि गेलं ते लिहीत होते. आलेल्या माणसाचं नाव त्यांनी कधी खोडलं नाही, असं तेच सांगतात. मग घरी आलेल्या माणसाचं, तेही सगळ्यांत आधी आलेल्या, मी का खोडावं? हे मी त्यांना म्हणालो नाही. तुला लिहितो आहे.

तुझा
काटकोन


९ डिसेंबर

प्रिय काटकोना,

भिंतीकडे फिरणाऱ्या खुर्चीचं वाचून इतकी हसले, की शेजारच्या टेबलावरची मला पाणी घेऊन आली. आईला म्हणावं, झाडू जरा जपून.

मागच्या पत्रात ‘पुसून टाक’ म्हणाले होते. आता काही म्हणत नाही. तांबडा कुठला घेतलास? विटकरी की कुंकवासारखा? सहज विचारते. आणि ती खिडकीकडची खुर्ची आहे की दाराकडची? खिडकीकडची असेल तर तिचा मागचा डावा पाय आखूड आहे. मी त्याखाली पुठ्ठा घालत असे. पुठ्ठा अजून आहे का बघ. हेही सहज.

त्या वेळी तू तेरा वर्षांचा होतास. तुला कुणी काही सांगितलं नाही आणि तू आठवीतून शाळा सोडून कामाला लागलास, तेव्हा मीही तिथे नव्हते. म्हणून आता सांगते. त्या माणसात वाईट काही नव्हतं. त्याने विचारलं, काम कधी सोडणार? मी म्हटलं, सोडणार नाही. तो हसला आणि म्हणाला, बघू. त्याच्या आईने तेच विचारलं आणि हसून बघू म्हणाली. मग बाबांनी विचारलं, आणि तेही बघू म्हणाले. तिघांचं हसू अगदी एका साच्यातलं होतं, तुझ्या पत्र्याच्या साच्यासारखं. बाबा हसले नसते तर कदाचित मी लग्न केलंही असतं. तेवढं एक मला अजून टोचतं. ‘नको’ म्हटल्याचं नाही. ते उद्या विचारलं तरी नकोच.

तुझी खुर्ची क्रमांकाचीच ठेवू नकोस. इतरांना नावं देत फिरतोस आणि स्वतः २१७ म्हणून बसतोस, हे मला बरं वाटत नाही.

ताई


२ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. उशीर झाला, माफ कर. थंडी पुष्कळ आहे, रंग वाळत नाही. पाहुणे १८ तारखेला रविवारी चार वाजता येणार आहेत. खुर्ची ठीक आहे. पुठ्ठा आहे.

तुझा
काटकोन


९ जानेवारी

काटकोना,

दोन पानांखाली तुझं पत्र कधी नसतं. यात तर पुठ्ठ्याची जाडीसुद्धा दिलेली नाही. ‘खुर्ची ठीक आहे’ हे वाक्य मी रोज ऐकते, फक्त तिथे शर्ट असतो नाहीतर साडी.

पुसलंस ना?

पुसलंस तर पुसलंस. मीच सांगितलं होतं. मला राग नाही, आणि असला तरी तो तुझ्यावर नाही. पण घरातल्या एकाने माझ्याबद्दल खोटं सांगितलं, ते मी सहा वर्षं सहन केलं. दुसऱ्यानेही तेच करावं, आणि ते खुद्द मलाच लिहून पाठवावं, हे चालणार नाही. तू घाबरट आहेस, ते ठीक. मला घाबरट आवडतात, ते सगळं दोनदा तपासतात. खोटं लिहू नकोस.

ताई


१९ जानेवारी

प्रिय ताई,

हे पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सुरू केलं आहे आणि पुढची सुट्टीही यातच जाणार आहे. सगळं क्रमाने लिहितो.

पुसलं होतं. २७ डिसेंबरला. दादाने सांगितलं म्हणून नाही, दादा रडला म्हणून. तो दाराला टेकून उभा होता आणि म्हणाला, मला ती मुलगी आवडते रे, एकदा लग्न होऊ दे, मग मी स्वतः तिला सगळं सांगेन. दादाला रडताना मी पाहिलं नव्हतं. मी पॉलिश पेपर घेतला. अकरा मिनिटं लागली. लिहायला पाऊण तास आणि पुसायला अकरा मिनिटं. त्यानंतर ती खुर्ची भिंतीकडे फिरली नाही आणि झाडताना हललीही नाही. आई तिच्यावरून फडकंसुद्धा फिरवेनाशी झाली.

तुझं पत्र १३ तारखेला आलं. मी ते पाच दिवस खिशात ठेवलं. रविवारी पहाटे साडेपाचला उठलो. सुईने भोकं पाडलेला तोच कागद घेतला, तोच तांबडा. कुंकवासारखा आहे, विटकरी नाही. साडेसहाला अक्षरं पूर्ण झाली. या थंडीत हा रंग वाळायला सोळा तास घेतो. पाहुणे चारला येणार, म्हणजे माझ्याकडे साडेनऊ तास होते. मी हे कागदावर मांडून पाहिलं, साडेसहा तास कमी पडत होते. आजवर मी असं काम कधी केलेलं नाही. केलं.

मग तोंड भिंतीकडे करून खुर्ची ठेवून दिली. माझा बेत असा होता, की सगळे बसले की मी उठून ती खुर्ची फिरवीन. त्यापुढचा बेत नव्हता.

साडेतीनला आईने शेवटचा झाडू मारला. बाहेर आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी आत गेलो. खुर्ची टेबलापाशी होती, तोंड दाराकडे. आत येणाऱ्या माणसाला पहिलं दिसलं असतं तर तेच.

पाहुणे वेळेआधी आले. बाबा त्यांना घ्यायला पुढे झाले आणि वळताना त्यांची नजर खुर्चीवर गेली. दारात पाहुण्यांचे जोडे वाजत होते. बाबा तीन पावलांत खुर्चीपाशी पोचले आणि बसले. मागे रेलून, दोन्ही खांदे फळीला लावून. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा.

ताई, मी रोज पाटी लावतो. ज्या माणसाला कारखान्यात रंग ओला असल्याचं सांगायला पगार मिळतो, त्याच माणसाला घरात ते तीन शब्द सांगता आले नाहीत. सांगितले असते तर बाबा उठले असते आणि अक्षरं दिसली असती. मी ‘पाहुणे’ खुर्ची पुढे केली, तिच्यावर ती मुलगी बसली. तिचे आईवडील सोफ्यावर बसले. मी कपाटापाशी उभा राहिलो, आपलं आरशाचं कपाट.

मुलीची आई खुर्च्या बघून कौतुकाने म्हणाली, की अहो, तुमच्या नावाची खुर्ची तर ती रिकामी आहे. बाबा म्हणाले, मला इथे कमरेला आधार मिळतो. पुढे एक तास दहा मिनिटं ते हलले नाहीत. चहा समोर होता, पण कपासाठी वाकावं लागलं असतं. कप निवला. आईने तो पुढे सरकवला नाही. तिने एकदा दूध आणलं, एकदा साखर आणली, कप मात्र जिथल्या तिथे. बाबा नोकरीतल्या शिस्तीबद्दल बोलत होते. मुलीचे वडील म्हणाले, बसण्यावरूनच कळतं हो, इतकं ताठ आजकाल कोण बसतं.

मग मुलीकडचे उठले. निरोपाला बाबांनाही उठावं लागलं. चिकटवलेला कागद सोलताना होतो तसा एक बारीक आवाज झाला. तो मला आणि आईला ऐकू गेला. बाबा पाहुण्यांकडे तोंड करून उभे राहिले. पाठ बरोबर आमच्या बाजूला, कपाटाकडे.

ओला रंग कापडावर उलटा उमटतो. आरसा उलट्याचं सुलट करतो. या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या माहीत होत्या. बाबा हसून पुन्हा या म्हणत होते आणि त्यांच्या मागे आरशात, त्यांच्या दोन खांद्यांच्या मधोमध, तांबड्या अक्षरांत, सोनेरी कडेसकट, सरळ वाचता येईल असं ‘ताई’ लिहिलेलं होतं.

ती मुलगी बाबांच्या खांद्यावरून बघत राहिली. तिने ते वाचलं, मोठ्याने. मग विचारलं, “ताई कोण?”

ती कुणाशी बोलते ते बघायला बाबा मागे वळले. त्यामुळे ज्यांना आरशात दिसलं नव्हतं, त्यांना पाठीवर दिसलं.

दादा जमिनीकडे बघत होता. मी बोलणार होतो. मनात वाक्य तयार होतं, पण आई आधी बोलली. हातातला ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, “आमची मोठी मुलगी.” सहा वर्षांनी. आवाज जरासुद्धा वर गेला नाही, जसं काही कुणी वेळ विचारली होती.

मुलीचे वडील म्हणाले, की तुम्ही तर दोन मुलगे सांगितले होते. मुलगी दादाकडे वळली. चिडलेली नव्हती. कुत्र्यांशी ती असंच बोलत असावी, सावकाश आणि डोळ्यांत बघून.

“उद्या मी नकोशी झाले, तर माझी खुर्ची कुठे ठेवाल?”

ते गेले. मी कपाटाला पाठ लावून मार खायची वाट बघत होतो. बाबांनी सदरा काढला, दोन्ही हातांनी समोर धरला आणि पुष्कळ वेळ बघत राहिले. मग मला विचारलं, याला वाळायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, सोळा तास. ते म्हणाले, “मग पाटी का नाही लावलीस? तुझं कामच आहे ते.”

एवढंच. सदरा घेऊन आत गेले.

दादाला आज सकाळी तिचा फोन आला. ती म्हणाली, की त्या खुर्चीचं माणूस त्या खुर्चीवर बसलेलं असेल तेव्हा येईन, तोवर नाही. दादा माझ्याशी बोलत नाही. फक्त कामाला निघताना म्हणाला, ताईला लिही, ये म्हणावं. म्हणजे त्याला माहीत होतं. दरवान त्याचा मित्र आहे, हे मी मोजण्यात धरलं नव्हतं.

तर मी लिहिलं. आता माझं स्वतःचं लिहितो. दादाच्या कामासाठी येऊ नकोस. यायचं तर तुझ्यासाठी ये, नाहीतर येऊ नकोस. रंगाचं नुकसान झालं आहे, अक्षरं फाटली आहेत. मी ती पुन्हा भरणार. बाबांनी पुसली तर पुन्हा. कागद माझ्याकडे आहे, त्याची भोकं अजून शंभर वेळा पुरतील.

तुझा
काटकोन


२४ जानेवारी

सोबत सदरा एक, पांढरा, पाठीस रंग लागलेला. घरी दोन वेळा धुतला, निघाला नाही. तुझ्याकडे हे काम होते असे कळते. निघत असल्यास काढून पाठवावा. घाई नाही.

पत्ता धाकट्याच्या खणातून घेतला आहे. त्याला सांगितलेले नाही.

— बाबा


३१ जानेवारी

प्रिय काटकोना,

तुझ्या पत्राला मी आठवडाभर उत्तर दिलं नाही. आधी दादावर चिडले होते. सहा वर्षांत एक ओळ नाही, आणि आता लग्नासाठी बहीण हवी झाली, फुलदाणीसारखी. त्याला सांग, माझ्याकडून असं काही होणार नाही. त्याने बघितलेली मुलगी मला आवडली, हे वेगळं. ती त्याला अजून सहा महिने रांगेत उभा करणार असेल तर माझी हरकत नाही.

मग बाबांचं पार्सल आलं. तुला माहीत नाही, पण आता मी सांगितलं. खण नीट बघ, त्यांनी पाकिटं क्रमाने लावून ठेवली असतील.

सदरा टेबलावर पसरला. असल्या रंगाला टर्पेंटाइन, मग साबण, दहा मिनिटांचं काम. टर्पेंटाइन आपल्याच घरी तुझ्या फळीवर आहे, आणि ते लावायला तू घरातच आहेस. तरी त्यांनी सदरा दीड दिवसाच्या प्रवासाला पाठवला. आणि ऐक, दोन वेळा धुतला म्हणतात. मी कापड हातात घेतलं. बाहीची इस्त्री जशीच्या तशी आहे. कॉलरला त्या दिवशीचा घाम आहे. खांद्यावर खडूची पूड आहे, तुझ्या पुरचुंडीची. तो सदरा पाण्याजवळसुद्धा गेलेला नाही. काढून, घडी घालून ठेवलेला आहे, आणि घडीसुद्धा अक्षरं मोडणार नाहीत अशी.

टेबलावर मी पावती फाडली, सवयीने. नाव कुणाचं घालायचं ते सुचेना.

८ तारखेच्या रविवारी येते. दादासाठी नाही, त्याच्या सासरच्यांना त्या दिवशी बोलावू नकोस म्हणावं. समेट करायलाही नाही. माझी खुर्ची आहे, तिच्यावर बसायला येते, आणि बसून बाबांना ते ‘बघू’चं विचारणार आहे. चहा निवला तरी मी हलणार नाही. एक बारीक ब्रश जास्तीचा भिजवून ठेव. २१७ वर मी लिहिणार. वाकडं येईल, तू बाहेर जाऊन उभा राहा.

खालचा कागद बाबांना दे. हातात दे, पेटीत टाकू नकोस.

ताई


३१ जानेवारी

सदरा मिळाला. तपासला. दोन वेळा धुतल्याची नोंद चुकीची आहे, दुरुस्त करावी.

रंग निघण्यासारखा आहे. काढलेला नाही. काढणार नाही.

सदरा पोस्टाने पाठवत नाही. रविवारी, ८ तारखेला, सकाळी अकरा वाजता स्वतः आणून देईन. आल्याची वेळ लिहून ठेवावी. लग्नाला ‘नको’ म्हटल्याबद्दल माफी मागितली जाणार नाही, ती अपेक्षा ठेवू नये.

खिडकीकडच्या खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठा असावा. अक्षरं पुन्हा भरली असतील आणि रंग ओला असेल, तर पाटी लावावी.

— ताई